दोनशे छपन्न कोपरे

धुळ्यात फारुख मिस्तरीच्या हाताखाली काम केलेला कुठलाही गवंडी सांगेल, की या माणसाचा काटकोन म्हणजे काटकोन. देवपुरातल्या बंगल्यांपासून नरडाण्याच्या शेडपर्यंत पस्तीस वर्षं त्याने भिंती उभ्या केल्या, आणि एवढ्या वर्षांत त्याला एक गोष्ट पक्की कळली होती: इंजिनिअर कागदावर चुकतो आणि मिस्तरी ते भिंतीवर गुपचूप सुधारतो. त्याचा बोभाटा करायचा नसतो.

सगळा घोळ झाला तो यामुळेच. त्याची धाकटी लेक मिसबाह जळगावला आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला बार्सिलोना नावाच्या शहराच्या वाढीव भागाचं मॉडेल करायचं होतं. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी त्या लोकांनी गावाभोवतीचा कोट पाडला आणि बाहेरच्या मोकळ्या रानात आपल्या धुळ्याच्या नंबराच्या गल्ल्यांसारखे सरळ रस्ते आणि एकसारखे चौक आखत गेले, एवढं तिने फोनवर सांगितलं. परीक्षक सोमवारी येणार होते. चार बोटं रुंदीचे, मधे अंगण असलेले चौसष्ट चौक अब्बांनी पीओपीत ओतून द्यावेत, असं म्हणून तिने नकाशा पाठवला. बारावीनंतर ही पोरगी त्याला काही विचारेनाशीच झाली होती. तिच्या वह्यांतलं त्याला कळत नव्हतं आणि समजावून सांगायला तिला वेळ नव्हता. त्यामुळे हे काम आलं तेव्हा मिस्तरीला आभाळ ठेंगणं झालं.

नकाशात प्रत्येक चौकाचे चारही कोपरे छाटलेले होते. मिस्तरीला वाटलं, घाईघाईत रेघा पुऱ्या ओढायच्या राहिल्या. चालायचंच, लेकरू आहे. त्याने काटकोनाचा गुण्या लावून साचा केला आणि चौसष्ट चौक असे टोकदार काढले, की बोट फिरवलं तर टोचावं.

शनिवारी दुपारी मिसबाह आली. एरंडोलला बस बंद पडल्यामुळे आधीच उशीर झालेला. खोक्यात बघून तिने एका टोकावर बोट फिरवलं, मग खूप छान झालेत म्हणाली आणि खोकं उचलून गच्चीवर गेली. तिच्या आईने, जरीनाने, ताट वाढून दोनदा हाक मारली तरी खाली येईना. शेवटी मिस्तरी बोलवायला गेला.

ती टाकीच्या आडोशाला बसून हॅक्सॉ ब्लेडने कोपरे कापत होती. आठ-दहा चौक फुटून पडले होते. बोटाला चिंधी बांधलेली, शेजारी नकाशा उघडा. मिस्तरीने तो नकाशा पुन्हा पाहिला. सगळेच कोपरे एका मापाने, मुद्दाम छाटलेले होते.

“बठ्ठा कोपरा चुकनात ना?” साइटवर जन्म गेल्यामुळे मनाला काही लागलं की त्याच्या तोंडून अहिराणीच यायची. ती कापतच राहिली. “मंग मले का बरं सांगं नही?”

“तुम्ही एवढ्या हौसेने केलंत, अब्बा. तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

वाईट आता वाटलं. चूक काय, कुणाचीही होते. पण परक्याच्या घरी भाजी खारट झाली तर आपण मुकाट्याने खातो; मीठ जास्त पडलंय हे सांगतो ते घरच्याच माणसाला. लेकीने आपल्याला परक्यात काढलं, हे मिस्तरीच्या जिव्हारी लागलं. त्याला रागही आला आणि रडूही. दोन्ही गिळून तो बादलीभर पाणी घेऊन आला. कोरडं पीओपी कापलं की फुटणारच; आधी ओल्या फडक्यात ठेव, मग हलक्या हाताने काप, असं त्याने तिला दाखवलं. साच्याच्या कोपऱ्यांत त्याने पट्ट्या ठोकल्या आणि फुटलेल्यांच्या जागी नवे चौक ओतले.

दोघं समोरासमोर बसून कापत राहिले. हे कोपरे छाटले तरी कशाला, असं त्याने विचारलं. तिने फरशीवर पेन्सिलने काढून दाखवलं. गाडी सुखाने वळावी, समोरून येणारा दिसावा, उजेड यावा, म्हणून प्रत्येक मालकाच्या जागेतलं एवढंसं रस्त्याला सोडलेलं. मिस्तरीला आपल्या गल्लीचं तोंड आठवलं. तिथे जनाजा वळत नाही. खांद्यावरून डोक्यावर घेऊन तिरका करावा लागतो. त्याच्या वडिलांचाही करावा लागला होता. आणि तिथल्या एका घराचा कोपरा त्याने स्वतः बांधला होता, इंचही न सोडता, वर त्याबद्दल शाबासकी घेतली होती. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, लेकीला सांगितलं. तिने हातातलं काम ठेवलं आणि सगळं वहीत लिहून घेतलं.

उन्हं कलली. मिस्तरीचे डोळे थकले होते आणि एका कोपऱ्यावर ब्लेड सरकलं. चौक त्याने तसाच तिच्यापुढे ठेवला. मिसबाहने तो उचलला, कोनमापक लावला, पुन्हा लावला. मिस्तरी खाली मान घालून पुढचा चौक कापण्याचं सोंग करत होता. ही आता छान झालंय म्हणेल, याची त्याला धास्ती वाटत होती.

मिसबाहने चौक त्याच्यासमोर परत ठेवला.

“हाऊ कोपरा वाकडा शे, अब्बा. परत करा.”

पस्तीस वर्षांत मिस्तरीला असं कुणी म्हटलं नव्हतं. त्याने तो चौक फुटक्यांत टाकला आणि नव्यासाठी पीओपी कालवायला घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.