माझ्या झाकणाखाली राहिलेले वानर

मित्रांनो, आधी एक विनंती. मला झेरॉक्स म्हणू नका. सगळे म्हणतात आणि मला राग येतो. मी स्कॅनर आहे. आता जुना झालो, काचेवर ओरखडे पडले, झाकण एका बाजूला कलते आणि दिवा लागायला हल्ली फार आढेवेढे घेतो. पण उमेदीच्या दिवसांत उज्जैनच्या माधव नगरात माझ्यासारखा दुसरा नव्हता. हे मी नाही, माझे मालक दिलीपभाई गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखे करायचो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. परदेशी मालासाठी आपल्या देशाची दारे तेव्हा नुकती उघडली होती, म्हणून मी जहाजाने मुंबईला, ट्रकने इंदूरला आणि तिथून दिलीपभाईंच्या मांडीवर बसून बसने उज्जैनला आलो. देवास गेटच्या बस स्टँडवर उतरलो तर एका बाईने विचारले, "भैया, टीवी है क्या?" दिलीपभाई मोठ्या ऐटीत म्हणाले, "टीवी से भी ऊपर की चीज़ है।" त्या वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षे जगलो.

दिलीपभाईंचे आधी एसटीडीचे पिवळे बूथ होते. त्यातच दोन कॉम्प्युटर मांडून त्यांनी सायबर कॅफे काढले. माझ्या झाकणावर कुंकवाचे स्वस्तिक काढले आणि माझ्या शेजारीच नारळ फोडला. अंगावर पाणी उडाले, मी दचकलो, पण शुभदिवस म्हणून गप्प बसलो.

मला एकच डोळा आहे, लांबट. तो काचेखालून सरकत सरकत बघतो. समोरचे जग मला दिसत नाही; काचेवर पालथे घातले तेवढेच दिसते, पण जे दिसते ते अगदी बारीक दिसते. कान मात्र तिखट आहेत. कॅफेत कोण काय बोलले ते मला आजही आठवते. मार्कशीट, कुंडल्या, लग्नाळू मुलामुलींचे फोटो, क्षिप्रेच्या घाटावर ओल्या केसांनी काढलेले यात्रेकरूंचे फोटो, सगळे माझ्या काचेवर निजून गेले. पण मी तुम्हाला गोष्ट सांगणार आहे ती एकाच फोटोची.

कॉलेजात जाणारी अपूर्वा आमची नेहमीची गिऱ्हाईक. नेटवर एक गमतीचा अड्डा होता. तिथे जगभरचे लोक विचित्र फोटो लावायचे, बहुतेक रानातल्या प्राण्यांचे, आणि एकमेकांना न ओळखणारी माणसे त्याखाली थट्टामस्करी करायची. अपूर्वा ते वाचून खुसखुस हसायची आणि दिलीपभाईंना अर्थ समजावून सांगायची. नॉर्वेतली इंग्रिद नावाची मास्तरीण तिथे असायची. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मूस नावाच्या एका अवाढव्य सांबराने मुंडके आत घातले होते आणि ते शांतपणे कुंडीतली फुले खात होते. असा तिचा फोटो. तो बघून अपूर्वा म्हणाली, "दिलीपभाई, याच्यापेक्षा भारी फोटो आमच्या घरात आहे. पण तो कोणाला दाखवायची सोय नाही."

सोय का नव्हती, ते ऐका.

त्या उन्हाळ्यात अपूर्वाच्या मोठ्या बहिणीचे, गौरीचे लग्न झाले. नवरा मुलगा विक्रांत, कॉम्प्युटरवाला. सासरे भय्यासाहेब चिटणीस, जुन्या दरबारी घराण्यातले, मानपानाला फार जपणारे. लग्न एका धर्मशाळेच्या अंगणात, कडुनिंबाखाली. ऐन मुहूर्ताला विक्रांतचा फेटा सुटला. हातातला नारळ पाटावर ठेवून तो फेटा बांधून घ्यायला बाजूला झाला. नेमका तेव्हाच गुरुजींनी घड्याळ बघितले आणि अंतरपाट धरला गेला. गौरीच्या माणिकमामांनी मंगलाष्टके स्वतः रचली होती आणि महिनाभर घासली होती. त्यांनी डोळे मिटले आणि सूर लावला. पडद्यामुळे मुलीकडच्यांना पलीकडचे काहीच दिसेना. पडदा धरणाऱ्या दोघांची नजर मामांच्या तोंडाकडे. आणि कडुनिंबावरून एक वानर उतरले, नवऱ्याच्या पाटावर बसले आणि त्याने नारळ मांडीवर घेतला.

सगळ्यांनी त्याच्यावर अक्षता टाकल्या. ते अंगावरचा एकेक तांदूळ वेचून खात होते. मुलाकडची मंडळी हसू लागली. माणिकमामांना वाटले, आपले काव्य पसंत पडले. त्यांनी तेच कडवे पुन्हा म्हटले.

पुढे वानर हाकलले, विक्रांत आला, लग्न लागले. पण जेवणाच्या पंगतीत कोणीतरी भय्यासाहेबांच्या कानाशी लागले, "नवरा जागेवर नसताना मंगलाष्टकं सुरू करतात? ह्यांनी माकडाला जावई केलं, आणि वर आपल्यावर हसले." झाले. भय्यासाहेब पंगतीतून उठले. फोटोग्राफरकडून वानराचे सगळे फोटो मागवून त्यांनी ते फाडून टाकले. गौरीला ते कधी वावगे बोलले नाहीत, पण व्याह्यांच्या घराची पायरी चढले नाहीत. विक्रांत नोकरीसाठी अमेरिकेला गेला. गौरी सासरी राहून व्हिसाची वाट बघत होती. माहेर रिक्षाच्या अंतरावर, पण यायची ती उभ्या उभ्या, आणि निघताना हळूच डोळे पुसायची. दोन घरे अशी अबोल ठेवून सातासमुद्रापलीकडे जायचे, हे तिला सोसवत नव्हते. अपूर्वा हे सांगायची तेव्हा तिचा आवाज बारीक व्हायचा.

फाटण्यातून एक फोटो मात्र वाचला होता. तो दुसऱ्या फोटोच्या पाठीला चिकटून अपूर्वाच्या घरी आला होता आणि अपूर्वाने तो पुस्तकात दडवून ठेवला होता. नॉर्वेच्या सांबराने तिला चेव आणला. तिने फोटो आणला, मी तो वाचला आणि तिने तो नेटवर लावला. नावगाव काही दिले नाही. फोटो थेंबाथेंबाने चढत होता, तोवर दिलीपभाईंचा चहा पिऊन झाला.

मग काय विचारता! ऑस्ट्रेलियातल्या एकाने लिहिले, आमच्या लग्नात काकाकुव्याने केकवरची साखरेची नवरी पळवली, नवरा तसाच उभा राहिला. केनियातला पोस्टमास्तर म्हणाला, आमच्या पाद्रीबाबांची टोपी बबून माकडाने नेली ती अजून दिलेली नाही. एका इंग्रज माणसाने विचारले, पडदा खाली आल्यावर नवरा पसंत नसला तर तुमच्यात पडदा पुन्हा वर धरतात का? तांदूळ आमच्याकडेही उधळतात, असे इटलीच्या बाईंनी कळवले, पण खाणारा पाहुणा प्रथमच पाहिला. एकाने मात्र खवचटपणे विचारले, "तुमच्याकडे माकडाशी लग्न लावतात का?"  अपूर्वाने टकटक करत उत्तर लिहिले आणि दिलीपभाईंना वाचून दाखवले, "हे स्थळ सांगून आलं होतं. पण मुलाला पर्मनंट नोकरी नव्हती, म्हणून आम्ही नकार कळवला." तो खवचट माणूसही हसला म्हणे.

इंग्रिदबाईंचा प्रश्न वेगळाच होता. "कोपऱ्यात फेटा बांधलेले एक गृहस्थ आहेत. ते रडताहेत की हसताहेत? आमच्या शाळेत यावरून वाद चालू आहे. जरा मोठा फोटो लावाल का?"

"ते भय्यासाहेब," अपूर्वा दिलीपभाईंना म्हणाली. "रागावले असतील. दुसरं काय करणार?"

एका शुक्रवारी संध्याकाळी तिने तो फोटो पुन्हा आणला आणि मला जास्तीत जास्त बारीक बघायला सांगितले. मी रेघ न रेघ वाचत सरकलो. माणिकमामांचे मिटलेले डोळे, वानराच्या मिशीतला तांदूळ, आणि मग तो कोपरा. मित्रांनो, मी तो कोपरा वाचला आणि माझा दिवा थरथरला. काम पुरे झाले, फोटो कॉम्प्युटरात गेला, आणि तेवढ्यात लाइट गेली. बॅटरी पीं पीं करू लागली, दिलीपभाईंनी घाईघाईने कॉम्प्युटर बंद केले. अपूर्वा अंधारात चाचपडत पुस्तके उचलून निघाली. फोटो माझ्या काचेवरच राहिला. आणि त्यात काय आहे ते त्या क्षणी जगात मला एकट्याला ठाऊक होते.

त्या रविवारी भय्यासाहेब प्रथमच व्याह्यांकडे जेवायला येणार होते. अपूर्वाच्या आईने कितीदा निरोप धाडले तेव्हा कुठे ते हो म्हणाले होते. आणि शनिवारी सकाळी कॅफे उघडते न उघडते तोच खणखणीत आवाज आला, "दिलीपभाई, हे लग्नाचे फोटो विक्रांतला अमेरिकेला पाठवायचेत. सूनबाईच्या व्हिसाला लागतात. एकदम साफ यायला पाहिजेत."

मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. झाकण मी घट्ट दाबून धरायचा प्रयत्न केला, पण ढिल्या झाकणाचे काय चालणार?

"अरे, ये किसका रह गया?" दिलीपभाई म्हणाले, आणि फोटो उचलून त्यांनी सुलटा केला. तेवढ्यात दारात सायकल पडल्याचा आवाज आला. धापा टाकत अपूर्वा आली होती.

"हा फोटो इथे कसा?" भय्यासाहेबांनी विचारले. आवाज मोठा नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

"माझा आहे, काका," अपूर्वा म्हणाली. "मी ठेवला. ताईला काही माहीत नाही. तिला काही बोलू नका, प्लीज."

"ठेवला तो ठेवला. इथे आणून काय केलंस?"

तिने खोटे सांगितले नाही. "नेटवर लावला. नाव नाही दिलं कुणाचं. लोक हसतात, पण आपल्याला नाही हसत, काका. आपापल्या लग्नातल्या गमती सांगतात. सगळीकडे असंच होतं म्हणतात."

"म्हणजे आता जगभर आमची शोभा." त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "उद्याचं जेवण राहू दे. आईला सांग."

 दिलीपभाईंना वाईट वाटले असावे. काहीतरी बोलायचे म्हणून ते म्हणाले, "साहब, एक मैडम तो आपके बारे में पूछ रही थीं। कि आप रो रहे हो या हँस रहे हो।"

"मी?" भय्यासाहेब थबकले. "मी कशाला हसेन?"

"वही तो देखना है।" दिलीपभाईंनी कॉम्प्युटर लावला, मी वाचलेला तो मोठा फोटो उघडला आणि कोपरा पडदाभर केला.

 भय्यासाहेबांनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली.

"हा मी आहे?" भय्यासाहेबांनी विचारले.

"फेटा तर तुमचाच आहे, काका," अपूर्वा चाचरत म्हणाली.

"दाढा दिसून राहिल्या माझ्या."

"हँस तो रहे हो, साहब," दिलीपभाई म्हणाले. "सबसे ज़्यादा आप ही।"

होय मित्रांनो. त्या कोपऱ्यात भय्यासाहेब पोट धरून हसत होते. मुलीकडचा एकही माणूस हसत नव्हता. सगळे बिचारे हात जोडून, मान खाली घालून, मनोभावे अक्षता टाकत होते. भय्यासाहेबांनी फोटो वरपासून खालपर्यंत फिरवून घेतला. माणिकमामांच्या मिटलेल्या डोळ्यांशी त्यांनी थांबायला सांगितले. मग म्हणाले, "ह्यांना तर दिसतच नव्हतं काही. मला कोणी सांगितलं की हे हसले? हसलो तर मीच." आणि ते पुन्हा हसायला लागले. आधी घशातल्या घशात, मग अगदी फोटोतल्यासारखे. अपूर्वा रडता रडता हसत होती. माझ्या अंगातला सगळा ताण एकदम उतरला. यंत्राला असे वाटत नाही म्हणतात, म्हणोत बापडे.

"दिलीपभाई, हा पण पाठवा विक्रांतला," हसू आवरत भय्यासाहेब म्हणाले. "व्हिसासाठी नाही. असाच. आणि त्या मॅडमना लिही, पोरी, की मी हसतोय."

रविवारचे जेवण झाले. ते मी पाहिले नाही, अपूर्वाने सोमवारी येऊन सांगितले. श्रीखंड संपल्यावर भय्यासाहेबांनी माणिकमामांना ते कडवे पुन्हा म्हणायला लावले, या वेळी डोळे उघडे ठेवून. गौरी त्या दिवशी उभ्या उभ्या परतली नाही, मुक्कामाला राहिली. महिन्याभराने ती विमानात बसली तेव्हा पोचवायला दोन्ही घरे एकाच जीपमधून इंदूरला गेली.

पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले आणि कॅफे ओस पडले. दिलीपभाईंनी मोबाइलचे दुकान टाकले आणि मला माळ्यावर टाकले. तिथे धुळीत मी किती दिवस पडून होतो कोण जाणे. एक दिवस अपूर्वा आली आणि मला मागून घरी घेऊन गेली. आता मी तिच्या टेबलाखाली असतो. माझ्या झाकणावर तिने जुन्या साडीचा तुकडा घातला आहे. वर्षातून कधीतरी ती मला लावते, मी कुरकुरत जागा होतो आणि एखादा फोटो वाचून देतो.

मित्रांनो, माझी काच मऊ फडक्याने पुसा आणि झाकणावर कोपर टेकू नका. निघताना झाकण एकदा उचलून बघा, कोणाचे काय मागे राहिले असेल. आणि रागाच्या भरात एखादा फोटो फाडायला घ्याल, तर त्याआधी तो माझ्याकडे आणा. मी तो मोठा करून दाखवीन. कोपऱ्यात कदाचित तुम्हीच हसत असाल.