पुट्टीखालचा ओरखडा

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी एक भित्री मोटारसायकल आहे. जुनी तर आहेच, पण जुनेपणाची मला लाज नाही. लाज भीतीची वाटते. रस्त्यावर एखाद्या गाडीने करकचून ब्रेक दाबला की माझ्या टाकीत गोळा येतो. तुमच्या पोटात येतो, माझ्या टाकीत येतो, एवढाच काय तो फरक. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते मला तंतोतंत लागू आहे. पण मी जन्मतः अशी नव्हते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी काळीभोर होते आणि भलतीच तोऱ्यात होते. माझ्या पहिल्या मालकाने मला दामटले, आपटले आणि एक दिवस दोन भावांच्या गॅरेजात दुरुस्तीला टाकून जे तोंड काळे केले ते परत आलाच नाही. त्याचे माझ्यावर उपकारच झाले म्हणायचे. कारण ते दोन भाऊ पत्र्याचे डॉक्टर होते. थोरला गाड्यांचे पोचे ठोकून काढायचा आणि धाकटा त्यांवर रंग मारायचा. त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम होता की पोचा घेऊन एकही गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. दुसरा नियम त्याहून कडक होता. आधी खालचा पत्रा घासून लख्ख करायचा, मगच खळगा बुजवायला त्यावर पुट्टी भरायची आणि मग रंग. खाली घाण ठेवून वर रंग मारणे म्हणजे लबाडी, असे वडील सांगून गेले होते, आणि थोरला ते वाक्य दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचाच.

त्यांनी मला नवे रूप दिले आणि धाकट्याने मला आपलेसे केले. रंग आणायला, रंगाचा मेळ जमवायला, तयार रंग पोचवायला, सगळीकडे आमची जोडी. त्याचा उजवा गुडघा माझ्या टाकीला जिथे टेकायचा तिथला रंग थोडा झिजला होता. मला त्या झिजलेल्या जागेचा फार अभिमान होता. धाकट्यात खोट एकच होती. रंगाच्या डब्याचे झाकण तो नुसते हाताने दाबून बसवायचा. थोरला ओरडायचा, "अरे, हातोडीने ठोकून लाव, वाटेत सांडेल." धाकटा हसून म्हणायचा, "दादा, तुला काय, दिसेल ते ठोकायचं." मग मला किक बसायची आणि आम्ही पसार व्हायचो.

त्या सकाळीही आम्ही असेच निघालो. हँडलला राखाडी रंगाचा डबा लटकत होता. उजव्या हाताच्या गल्लीतून एका बेकरीची निळी व्हॅन न थांबता बाहेर आली. मी तिला पाहिले, पण मला ओरडता येत नाही. हॉर्नचे बटण माणसाच्या बोटाखाली असते. तिच्या पुढच्या कोपऱ्याने धाकट्याचा गुडघा माझ्या टाकीवर चेचला आणि तो कोपरा टाकीला खरवडत पुढे गेला. हाड मोडल्याचा आवाज मी पत्र्यातून ऐकला. तो अजून माझ्या पत्र्यात आहे.

डबा उडाला, झाकण निघाले आणि रस्ताभर राखाडी रंग पसरला. व्हॅनवाला खाली उतरला. त्याने एकदा आपल्या व्हॅनकडे पाहिले. पण माणूस पळून गेला नाही, हे कबूल करायला हवे. त्याने धाकट्याला उचलून पावाच्या ट्रेंमध्ये आडवे केले आणि थेट दवाखाना गाठला. धडक कुणी पाहिली नव्हती; इकडे आवाज ऐकून आलेल्या लोकांनी मला ओढत नेऊन भिंतीला टेकवले, उजवी बाजू भिंतीकडे. नंतर पोलीस आले. त्यांनी सांडलेल्या रंगाचे फोटो काढले, माझ्या डाव्या बाजूचे काढले. उजवी बाजू कुणीच पाहिली नाही.

दवाखान्यात धाकट्याच्या बायकोने व्हॅनवाल्याचे हात धरले म्हणे. "तुम्ही अगदी देवासारखे धावून आलात," असे ती म्हणाली. त्याने मान खाली घातली. आणि पोलिसांपुढे तो म्हणाला, "मी आलो तेव्हा हा पडलेलाच होता. स्वतःच्याच रंगावरून चाक घसरलं असणार." एकदा बोलला आणि मग त्या बोलण्याला चिकटूनच राहिला.

मला पोलीस ठाण्याच्या आवारात नेऊन टाकले. मित्रांनो, ती जागा तुम्ही पाहू नये. चेंबलेल्या गाड्यांची नुसती रास. कुणाला दार नाही, कुणाला डोळे नाहीत. त्या गाड्या एकमेकींशी बोलत नाहीत, कारण प्रत्येकीला एकच गोष्ट आठवत असते. माझ्या टाकीच्या खोल पोच्यात धाकट्याचे रक्त वाळले होते आणि त्या रक्ताखाली निळ्या रंगाचा एक लांब ओरखडा होता. व्हॅनचा रंग. माझ्याशिवाय ते कुणालाच ठाऊक नव्हते आणि मला जीभ नव्हती.

काही आठवड्यांनी थोरला मला सोडवून घरी घेऊन आला. धाकटा अजून दवाखान्यातच होता. थोरल्याने मला पाहिले आणि गॅरेजचे दार लावून घेतले. मग त्याने हातोडी उचलली. त्याच्या मनात काय होते ते मला कळत होते. भाऊ घरी येईल तेव्हा त्याला मोडकी गाडी दिसू नये, एवढेच. दुसऱ्या कुणी मला तसेच कोपऱ्यात ताडपत्रीखाली ढकलले असते. पण हा पडला डेंटर, पोचे काढणारा. पोचा दिसला की त्याला झोप येत नाही.

मागचे मडगार्ड सरळ झाले. साइड कव्हर सरळ झाले. पॉलिश पेपरची खरखर टाकीच्या दिशेने सरकू लागली, तसतशी मी भीतीने गार होत गेले. अरे बाबा, तिथे नको, तिथे नको. एकेक जागा घासून तो पत्रा उघडा करीत होता, आणि शेवटी तो त्या पोच्याशी आला. कागद हातात, हात हवेत. त्याला रक्त दिसले. त्याने कागद टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. त्याला ते घासवेना. भावाचे रक्त पॉलिश पेपरने कोण घासणार? त्याने डोळे बारीक केले, पुट्टी कालवली आणि न घासताच त्या पोच्यात भरून टाकली. जन्मात पहिल्यांदा त्याने वडिलांचा नियम मोडला. वरून काळा रंग असा काही मारला की मी कारखान्यातून आताच आलेय असे वाटावे.

धाकटा घरी आला तो कुबड्यांवर. पायात सळई होती. डॉक्टरांनी सांगितले होते की दुसरे मोठे ऑपरेशन झाले नाही तर हा पाय कधीच भार घेणार नाही, आणि रंगाऱ्याचे तर सगळे काम उठ-बस करण्याचे. डॉक्टर आणखी एक बोलले होते. नुसते घसरून गुडघा असा मोडत नाही, बाजूने काहीतरी जोरात बसले असणार. ते ऐकून धाकट्याच्या बायकोने वकीलबाई गाठल्या आणि व्हॅनच्या विमा कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावला. धाकट्याला मात्र त्या सकाळचे काहीच आठवत नव्हते. आठवत होते ते फक्त झाकण. हाताने दाबलेले.

वकीलबाई मला पाहायला गॅरेजात आल्या. माझ्याभोवती एक फेरी मारून त्या थांबल्या.

"हिचा अपघात झाला होता ना? मग हे कुणी केलं?"

"मी," थोरला म्हणाला. त्याला वाटले, कौतुकच होणार.

"अहो, काय करून बसलात हे! व्हॅन कुठे लागली ते दाखवायला आपल्याकडे हीच तर होती." मग त्यांनी सावकाश विचारले, "सगळीकडे पत्र्यापर्यंत घासलंत? खाली काही राहिलं असेल का?"

थोरल्याने एकदा धाकट्याकडे पाहिले. "घासलं की. आमच्यात तसंच करतात," तो म्हणाला.

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटले की कुणीतरी माझ्यावर काडी ओढावी आणि माझी टाकी पेटावी, म्हणजे निदान आवाज तरी होईल. चांगले करायला गेला आणि भलतेच झाले. आता चूक कबूल करायची, तर धंद्याची लाज आणि भावापुढे त्याच्याच रक्ताची गोष्ट. थोरल्याने हातोडी उचलली आणि तो पुढच्या गाडीकडे वळला.

कोर्टात विमा कंपनीच्या वकिलाने माझा नवा फोटो दाखवला. "जिला व्हॅनने धडक दिली म्हणता, ती हीच का? हिच्यावर साधा ओरखडा नाही." गुडघ्याचे काय, तर म्हणे पडताना फूटपाथची कड लागली असेल. धाकटा तिथून आला तो घुम्यासारखा. दुपारी गॅरेजात माझ्याशेजारी खुर्ची टाकून तो बसला होता. बायको त्याच्यासाठी पाणी घेऊन आली.

"आपण दावा मागे घेऊ," तो म्हणाला. "मीच पडलो असणार. झाकण ढिलं होतं. ज्या माणसाने मला दवाखान्यात नेलं, त्यालाच मी कोर्टात ओढतोय. मला झोप लागत नाही गं."

"आणि पाय?"

"पाय माझ्या चुकीने गेला. त्याचे पैसे कुणाकडे मागायचे?"

ती पेला हातात धरून तिथेच उभी राहिली. पलीकडे थोरल्याची हातोडी थांबली. तो उठून आला आणि माझ्या टाकीवर हात ठेवून उभा राहिला.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "इथे घासलं नव्हतं. तुझं रक्त होतं. मला नाही घासवलं. खाली काय आहे ते मलाही माहीत नाही, पण जे होतं ते सगळं आत आहे."

 "तू? न घासता पुट्टी?" असे धाकट्याने विचारले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखे वाटले.

थोरल्याने वकीलबाईंनाही खरे सांगितले आणि त्यांच्या अर्जावरून कोर्टाने तपासणी अधिकारी पाठवला. गॅरेजात दोन्हीकडचे वकील उभे राहिले. थोरला पुट्टी खरवडायची पाती घेऊन पुढे झाला, तर अधिकारी म्हणाले, "तुम्ही हात लावायचा नाही. माझा माणूस काढेल." तो माणूस अनोळखी होता, त्याचा हात जड होता. मी थिजले. पुट्टी जोराने उचकटली असती तर तिच्याबरोबर तो निळा ओरखडाही सोलून गेला असता, आणि मग उरला असता नुसता पोचा, जो कशानेही पडू शकतो. थोरला हात पाठीमागे घट्ट धरून उभा होता. त्याला राहवेना. "हळू हो. पाती आडवी धरा. कडेने या, मधून नको," तो सांगत होता. त्या भल्या माणसाने ऐकले.

पहिला पोपडा पडला. त्याच्या पाठीला तपकिरी डाग होता. धाकट्याच्या बायकोने तोंड फिरवले. दुसरा पोपडा पडला. मग बराच वेळ नुसता करकर आवाज. मी मनातल्या मनात एकच म्हणत होते, राहू दे, तेवढे राहू दे.

आणि निळा दिसला. बोटभर, मग वीतभर. टाकीच्या पत्र्यात रुतलेला. अधिकारी वाकले, त्यांनी फोटो काढले, रंगाचा कण काढून बाटलीत घातला. धाकटा खुर्चीवरून अर्धवट उठला होता. कुबडी खाली पडली तरी त्याला कळले नाही. आयुष्यभर रंग ओळखण्यात गेलेला माणूस तो, त्याला कुठल्या बाटलीची गरज नव्हती.

"दादा," तो म्हणाला, "झाकणामुळे नाही झालं."

"नाही रे."

"माझ्यामुळे नाही झालं."

"नाही," थोरला म्हणाला, आणि दोघेही सगळ्यांसमोर लहान मुलांसारखे रडले.

पुढे प्रयोगशाळेत तो रंग व्हॅनच्या रंगाशी जुळला, भरपाई मिळाली, ऑपरेशन झाले. सगळे पहिल्यासारखे झाले असे मी म्हणणार नाही. धाकट्याचा उजवा पाय जरासा आखूड राहिला आणि बसून उठताना तो अजून भिंत धरतो. व्हॅनवाला एकदा फाटकापर्यंत आला होता. आत येण्याचा धीर त्याला झाला नाही, आणि त्याला आत बोलावण्याचा धीर इथे कुणाला झाला नाही. घाबरून माणूस किती लांबवर खोटे बोलत जातो, हे मी त्याच्या पाठमोऱ्या खांद्यांत पाहिले.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीची काळजी घ्या, तिला धुवा, पुसा, तेल घाला. पण तिचा कधी अपघात झालाच, तर आधी माणसाला उचला आणि मग तिला आहे तशी राहू द्या. प्रेमापोटीही तिची जखम पुसू नका. तिला बोलता येत नाही, तिची जखमच तिच्या वतीने बोलते. आणि तुम्ही मोठे होऊन गाडी चालवाल, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी थांबा. रस्ता रिकामा दिसला तरी थांबा.

परवा थोरल्याने मला किक मारली आणि धाकटा मागे बसला. अपघातानंतर पहिल्यांदाच. त्याचे दोन्ही हात भावाच्या कमरेला होते आणि ते कापत होते. थोरल्याचेही कापत होते, आणि माझे तर सगळे इंजिनच. गल्लीच्या तोंडाशी थोरल्याने मला उभे केले. दोन्ही बाजूंना काहीच येत नव्हते. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला.

"जाऊ या का?" थोरल्याने विचारले.

"थांब," धाकटा म्हणाला, "अजून थोडा वेळ थांब." आणि आम्ही थांबलो.