भोंग्याला गप्प करणारी पेटी

मी एक जुनी खोकल्याची पेटी आहे. हसलात ना? हसा. माझं नाव ऐकून सगळेच हसतात. कोणाला वाटतं माझ्यात औषधाच्या बाटल्या असतील, कोणाला वाटतं गोळ्या. मित्रांनो, तसं काही नाही. मी तळहातावर मावेल एवढी पत्र्याची डबी आहे. माझ्या डोक्यावर एक लाल बटण आहे आणि अंगातून दोन तारा निघतात. एक माइककडे जाते, दुसरी बाहेरच्या जगाकडे. सामन्याचं समालोचन करताना माणसाला खोकला आला, शिंक आली, तर त्याने माझं बटण दाबायचं. जोवर बोट बटणावर, तोवर त्याचा आवाज बाहेर जात नाही. घरी बसलेल्या लोकांना फक्त मैदानावरचा गलका ऐकू येतो. बोट उचललं की आवाज पुन्हा सुरू. माणसाला बोलायला लावणारी यंत्रं जगात पुष्कळ आहेत. त्याला गप्प करणारी मात्र मीच, आणि याचा मला थोडा ताठा आहे हे आधीच सांगून ठेवते.

मला घडवलं एका टीव्ही वाहिनीच्या ध्वनितंत्रज्ञाने. त्याच्या खिशात कायम पक्कड असायची, म्हणून सगळे त्याला पक्कडच म्हणायचे. त्याने एका बाद यंत्राचा पत्रा कापला, कडा कानशीने घासल्या, तारांना डाग दिले आणि मला कानाशी धरून बटण दाबून पाहिलं. 'टक्' असा आवाज आला. तो नाक मुरडून म्हणाला, "बटणाचाच आवाज माइकमध्ये गेला, तर बटण कशाला हवं?" मग त्याने जुन्या टोपीचं कापड कापून माझ्या बटणाखाली चिकटवलं. तेव्हापासून मी कधी टक् म्हटलेलं नाही.

त्याच सुमारास वाहिनीत एक तरुण समालोचक लागला. फुटबॉलचं त्याला वेड होतं आणि बोलण्याचं त्याहून जास्त. तो श्वास कधी घेतो, यावर कॅन्टीनमध्ये वाद व्हायचे. चेंडू मैदानाबाहेर गेला तरी याचं तोंड चालूच. काही घडत नसेल तर तो गवताबद्दल बोलायचा, ढगांबद्दल बोलायचा, पंचांच्या बुटांबद्दल बोलायचा. पक्कडने त्याचं नाव ठेवलं भोंगा. ते त्याला असं चिकटलं की पुढे त्याची बायकोही लाडात आली की त्याला भोंगा म्हणायची. एरवी 'अहो'.

भोंग्याला माझी गरज कधी पडत नसे. त्याला खोकायलाही फुरसत नव्हती. मी त्याच्या उजव्या हाताशी धूळ खात पडलेली असायचे आणि मनात म्हणायचे, बाबा रे, कधीतरी थांब. मग एका मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना आला. सामना संपत आला होता, बरोबरी होती, आणि बोलता बोलता भोंग्याने पाण्याचा घोट घेतला. तो घोट गेला भलत्याच वाटेने. असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. त्याने पहिल्यांदाच माझ्यावर बोट दाबलं, आणि नेमका त्याच क्षणी गोल झाला!

आता काय करणार? भोंगा लाल होऊन खोकतो आहे, पक्कड त्याच्या पाठीत थापा मारतो आहे, आणि घराघरांत फक्त मैदानाचा आवाज जातो आहे. हजारो लोक एकदम ओरडले, मग नाचू लागले, मग गाऊ लागले. भोंग्याचा श्वास जागेवर आला तोवर खेळाडू एकमेकांच्या अंगावरून उठतही होते. तो घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाला, "मंडळी, तुम्ही पाहिलंत." त्याला वाटलं, उद्या नारळ मिळणार. पण दुसऱ्या दिवशी वाहिनीचा फोन दिवसभर खणखणत होता. एक आजीबाई म्हणाल्या, "त्या मुलाला सांगा, काल पहिल्यांदा मला वाटलं मी मैदानातच बसलेय."

मित्रांनो, पुष्कळ माणसांना शाबासकी मिळाली की ती फुगतात. भोंगा विचारात पडला. नंतर त्याने मला पुसून जवळ ओढलं. तेव्हापासून त्याची रीत ठरली. गोल झाला की गोल करणाऱ्याचं नाव घ्यायचं आणि बोट माझ्यावर ठेवायचं. लोकांना ओरडू द्यायचं, रडू द्यायचं. सगळं जरा शांत झालं की बोट उचलायचं आणि एकच वाक्य बोलायचं. एकदा एका थकलेल्या खेळाडूने आपल्या शेवटच्या सामन्यात गोल केला. भोंगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मंडळी, हा माणूस आता निवांत घरी जाईल." लोक अजून ते वाक्य सांगतात. पण त्या आधीची शांतता माझी होती, हे कोणी सांगत नाही. असो.

बटण दाबलेलं असताना तो काय करायचा, हे फक्त मला ठाऊक. तो गप्प नसायचाच! "अरे वा, अरे काय मारलास, शाब्बास रे पठ्ठ्या!" असं लहान मुलासारखं ओरडायचा. ते सगळं माझ्या पोटात राहायचं. भोंगा शेवटपर्यंत भोंगाच होता, फक्त त्याने आपला आनंद लोकांच्या आनंदाच्या मागे उभा केला होता. म्हणून मला त्याचं फार कौतुक वाटतं.

वर्षं गेली. वाहिनीत नवी टेबलं आली. त्यांच्या काचेतच बटणं होती, नुसतं बोट टेकवायचं. मला 'डबडं' म्हणून खणात टाकलं. खणात संपलेले सेल होते, एक दात तुटलेला कंगवा होता आणि मी. खोटं कशाला सांगू, तिथे मला रडू येई. पण भोंग्याचं त्या काचेशी जमेना. त्याचा हात टेबलावर चाचपडत राही. तो पक्कडला म्हणाला, "ते बटण बघून दाबावं लागतं रे. माझे डोळे मैदानावर असतात. माझी पेटी दे." पक्कडने मला बाहेर काढलं. माझी स्प्रिंग दमली होती, तर त्याने स्वतःचं पेन उघडून त्यातली स्प्रिंग मला बसवली. ते पेन पुन्हा कधी लिहू शकलं नाही. मी मात्र नवी झाले.

आणि मग एक दिवस फुटबॉल दाखवण्याचे हक्क दुसऱ्या वाहिनीकडे गेले. आमच्या वाहिनीवर यापुढे सामनेच नाहीत. साहेबांनी भोंग्याला बोलावून गोड शब्दांत सांगितलं, "तुम्ही कुठे जाऊ नका. स्टुडिओत खुर्ची देतो. जुन्या आठवणी सांगा."

भोंगा म्हणाला, "साहेब, मी अजून आठवण झालेलो नाही."

नव्या वाहिनीने त्याला बोलावलं, पण हात राखून. एक सामना करा, मग पुढचं बघू. केस पांढरे झालेले, सगळी हयात एका घरात गेलेली, आणि आता पुन्हा पहिल्या दिवसासारखी परीक्षा. तो घरी येऊन बायकोला म्हणाला, "या वयात हे शोभेल का गं?" ती भाजी चिरत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "मॅच तिकडे गेली तर तुम्ही इकडे काय करणार? माझ्या फोडणीची कॉमेंट्री?"

जुन्या वाहिनीने निरोपसमारंभ केला. काचेचं मोठं स्मृतिचिन्ह दिलं. लोक रुमाल काढून भाषणाची वाट बघत होते. पण लाखो लोकांशी बोलणारा तो माणूस उभा राहिला, 'धन्यवाद' म्हणाला आणि खाली बसला. साहेबांनी विचारलं, आणखी काही हवं का? त्याने मला मागितलं. साहेब हसून म्हणाले, "एवढंच? न्या की." ते 'एवढंच' मला अजून बोचतं. बाहेर पडताना बायको त्याला म्हणाली, "अहो, इतक्या वर्षांचं घर. निघताना निदान 'येतो' तरी म्हणायचं." तो म्हणाला, "घशातून निघालं नाही."

आता खरी अडचण ऐका. भोंग्याने प्रत्येक सामन्याची सुरुवात एकाच वाक्याने केली होती: 'नमस्कार मंडळी, तुम्ही पाहत आहात', आणि पुढे वाहिनीचं नाव. ते नाव जिभेवर इतकं मुरलेलं की घरचा फोन उचलला तरी तेच बाहेर पडायचं. नव्या वाहिनीच्या पहिल्याच सामन्यात जुन्या वाहिनीचं नाव तोंडून गेलं, तर? जगभर हसं झालं असतं आणि दुसरा सामना मिळाला नसता. जुन्या वाहिनीच्या कॅन्टीनमध्ये तर पैजा लागल्या होत्या, म्हातारा नाव चुकणार म्हणून.

बायकोने त्याचा सराव घ्यायला सुरुवात केली. दाढी करताना नवं नाव, बूट घालताना नवं नाव. "म्हणा," असं ती स्वयंपाकघरातून ओरडायची आणि तो बरोबर नाव घ्यायचा. पण बेसावध असला की पुन्हा जुनं. एकदा दारावर पाणीपट्टीवाला आला, तर त्याला "नमस्कार मंडळी" म्हणून थेट जुन्या वाहिनीवर नेऊन बसवलं.

शिवाय माझी तार नव्या वाहिनीच्या यंत्रात बसेना. तेव्हा पक्कड आपलं सामान घेऊन भोंग्याच्या घरी आला. भोंगा म्हणाला, "तू तर अजून तिकडे नोकरीला. साहेबांना कळलं तर?" पक्कड माझ्या तारेला डाग देत म्हणाला, "तारेला कुठे कळतं ती कोणत्या वाहिनीत आहे?"

सामन्याच्या दिवशी नव्या वाहिनीची दिग्दर्शिका समालोचन कक्षात आली. तरुण, तडफदार, हुशार मुलगी. तिने मला पाहून भुवया उंचावल्या, पण नमस्कार करून म्हणाली, "सर, मी लहानपणापासून तुम्हाला ऐकते. फक्त एक विनंती. आमच्याकडे मध्ये गॅप चालत नाही. आवाज थांबला की लोकांना वाटतं टीव्ही बिघडला, आणि ते दुसरीकडे जातात. बोलत राहा, प्लीज." भोंगा म्हणाला, "बघतो, बाई." त्याचं बोट माझ्यावर होतं. 

लाल दिवा लागला. खेळाडू मैदानात आले. लोक उभे राहून गाऊ लागले.

"नमस्कार मंडळी," भोंगा म्हणाला, "तुम्ही पाहत आहात..."

आणि मला कळलं. घशातून जुनं नाव निघालं होतं. ते ओठांशी पोहोचलं तोच बोट माझ्यावर आदळलं. असं आदळलं की पेनाची स्प्रिंग पार तळाला टेकली. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून दार बंद केलं. भोंग्याने बंद दाराआड ते नाव घेतलं, अर्धं नाही, पूर्ण घेतलं. बाहेर मात्र फक्त लोकांचं गाणं चाललं होतं. मग बोट उठलं आणि स्वच्छ, ठणठणीत आवाजात नव्या वाहिनीचं नाव घराघरांत गेलं.

त्याच्या कानातल्या यंत्रात दिग्दर्शिका ओरडली, "सर, काय झालं? गॅप कशाला?" पुढचा सगळा खेळ त्याने असा रंगवला की ती हळूहळू शांत झाली. शेवटी शेवटी गोल झाला. फार साधा फटका होता, पण तरुण गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटला आणि तो तोंड झाकून गवतावर बसला. भोंग्याने गोल करणाऱ्याचं नाव घेतलं आणि माझ्यावर बोट ठेवलं. मी कानोसा घेत होते, आता ती ओरडणार. अर्धं मैदान नाचत होतं, अर्धं सुन्न होतं. गोल करणारा खेळाडू आपल्या लोकांकडे न जाता मागे फिरला आणि त्याने त्या पोराला हात देऊन उठवलं. तेव्हा भोंग्याच्या कानात दिग्दर्शिकेचा आवाज आला, पण ती सगळ्यांना सांगत होती, "कोणी बोलू नका. सरांनाही बोलायला सांगू नका."

मग भोंगा म्हणाला, "मंडळी, हा मुलगा पुढच्या सामन्यात पुन्हा उभा राहील." सामना संपल्यावर दिग्दर्शिका आत आली, पुढच्या सामन्याची वेळ सांगितली आणि जाता जाता मला हळूच थोपटून गेली.

मित्रांनो, आता माझं मागणं. घरात, शाळेत, कारखान्यात माझ्यासारखी डबडी असतात. त्यांना फेकण्याआधी एकदा विचारा, ती कोणाच्या बोटाला ओळखतात. त्यांची धूळ पुसा, स्प्रिंग दमली तर बदला. आणि दुसऱ्याच्या आनंदाच्या वेळी आपण बोललंच पाहिजे असं वाटलं, तर क्षणभर बोट दाबून धरा. काही बिघडत नाही.

एक गोष्ट राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भोंग्याच्या घरी, चहाच्या कपाशेजारी होते. पक्कडचा फोन आला.

"भोंग्या, पैज मी जिंकलो. चुकणार नाही असं म्हणणारा कॅन्टीनमध्ये मी एकटाच होतो. आता खरं सांग. सुरुवातीला जुनं नाव घेतलंस ना?"

भोंगा दचकला. "तुला कसं कळलं?"

"गोल झाला नव्हता. गोलाशिवाय तू कधी गप्प बसलायस? पण नाव तर एवढंसं आहे. इतका वेळ काय करत होतास?"

भोंग्याने बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाव घेतलं," तो म्हणाला, "आणि मग 'येतो' म्हणालो. त्या दिवशी राहिलं होतं."

तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. आणि पक्कडकडे तर माझ्यासारखी पेटीही नव्हती.