कृष्णाजीरावांची गिऱ्हाइकं

“वीणा हवीच,” खासनीस साहेब म्हणाले. “पान उघडलं की आधी समई दिसेल, मग वीणा वाजेल, आणि मग माझ्या आवाजात स्वागत. चाळीस सेकंदांचा तर मामला आहे.”

टेबलाभोवतीच्या पाचही जणांनी माना डोलावल्या. त्यात माझीही होती आणि ती सगळ्यांत जोरात डोलली. साल अठ्ठ्याण्णव. वेबसाइट म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक होतं अशा बेंगळुरातल्या मोजक्या लोकांत माझी गणना होई, कारण त्या विषयावरचं एक जाडजूड अमेरिकन पुस्तक मी शेवटपर्यंत वाचलं होतं. पुण्याहून येऊन मला आठ महिने झाले होते. आमची कंपनी चार माणसांची, आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतली ‘नादश्री’ हे मला एकटीला मिळालेलं पहिलं काम. साहेबांनी वीणेबरोबर सनई मागितली असती तर तीही मी घालून दिली असती.

तेवढ्यात दाराशी सह्यांची पत्रं घेऊन उभे असलेले एक गृहस्थ हळूच म्हणाले, “साहेब, पण ते ऐकणार कोण?”

नादश्री कंपनी ऐकू न येणाऱ्यांसाठी कानाची यंत्रं बनवत होती.

साहेब माणूस सज्जन. सरकारी कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी सोडून त्यांनी ही कंपनी काढली होती आणि त्यांचं यंत्र खरोखर उत्तम होतं. पण भर मीटिंगमध्ये आपल्याच माणसानं असं विचारल्यावर त्यांचे कान लाल झाले. “कृष्णाजी, सह्या नंतर,” एवढंच ते म्हणाले.

दार बंद झाल्यावर मी माझा आराखडा पुढे ओढला. त्यात दोन रकाने होते. एकात साइट कुणासाठी, दुसऱ्यात कंपनीला तिच्यातून काय साधायचं आहे. साहेबांनी उद्दिष्टं तीन सांगितली. परदेशातून मागणी यावी. डॉक्टरांना बसल्या जागी माहिती मिळावी. आणि तिसरं म्हणजे मार्चअखेर पत्रव्यवहाराचं टेबल बंद व्हावं. “आता सगळं ई-मेलवर. प्रेमा बघेल ते,” साहेब म्हणाले. प्रेमा म्हणजे त्यांची सेक्रेटरी. “कृष्णाजींना स्टोअर्समध्ये घेऊ. दोनच वर्षं राहिलीत त्यांची.”

मी तेही सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं आणि त्याला तीन नंबर दिला. पहिल्या रकान्यात डॉक्टर, व्यापारी, निर्यातदार, परदेशस्थ भारतीय असं भरून टाकलं. काम झालं होतं. पण ते ‘ऐकणार कोण’ काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी त्या गृहस्थांना शोधत जिन्याजवळच्या टेबलाशी गेले.

“बसा अक्का. स्वल्प थांबा, हे पाकीट चिकटवतो,” कृष्णाजीराव म्हणाले. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण अक्का. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षं बेंगळुरात. ‘आमी शहाजीराजांसंगं आलो’ असं ते गेल्या आठवड्याच्या बसनं आल्यासारखं सांगत. त्यांचं मराठी ऐकून मी हसू दाबलं. माझं ऐकून त्यांनीही दाबलं असणार.

“पत्रं कोणाची येतात?” मी विचारलं.

त्यांनी मागचं कपाट उघडलं. खालपासून वरपर्यंत पत्रांचे गठ्ठे, चार रंगांच्या दोऱ्यांनी बांधलेले.

“पयलं तारखेनं लावत होतो. गावावरनंही लावून बगितलं. माणूस सापडंना. मग लिवणारं कोण, त्यावर लावली. हे तांबडं, आयांचं. पिवळं म्हंजे म्हाताऱ्या आईबापांसाठी लिवणारी पोरं-सुना. निळं, शाळेतल्या पोरांसाठी लिवणाऱ्या मास्तरांचं. यंत्र कानात एकाच्या, पत्र लिवतंय दुसरंच. सायेब म्हणतात कस्टमर एकच. एक नाय.”

“आणि पांढरं?”

“ते स्वतःसाठी लिवणारे.”

पांढरा गठ्ठा सगळ्यांत बारीक होता. त्यांनी आधी तांबड्यातलं एक पत्र काढून कानडीतून मराठी करून वाचलं. बीदरकडची कुणी आई होती. ‘ढग गडगडला तर पोरगं बघत नाही, वीज चमकली तर बघतं. मग त्याला कळतं का नाही?’ मग पांढऱ्यातलं एक. तंजावरचे शाळामास्तर. ‘वर्गात मुलं हसतात ते दिसतं. कशाला हसतात ते कळत नाही.’

मी ती ओळ वहीत उतरवून घेतली.

“हे पांढऱ्यातलं माणूस,” कृष्णाजीराव म्हणाले, “दहा प्रश्न विचारतंय. बॅटरी किती दिवस, घाम लागला तर कसं, वॉरंटी काय. त्याला खरं एकच विचारायचं असतंय. ते तो लिवत नाय.”

“काय?”

“लोकान्ला दिसंल काय?”

“मग तुम्ही काय करता?”

“मी ते पयलं लिवतो. त्यानं विचारलं नसलं तरी.”

माझ्या अमेरिकन पुस्तकात गिऱ्हाईक ओळखण्यावर चाळीस पानांचं प्रकरण होतं. मी त्याच्या समासात टिपणं काढली होती, महत्त्वाच्या ओळी रंगवल्या होत्या. आणि इथे जिन्याखाली, टेबलफॅनच्या खडखडाटात, एक माणूस ते सगळं एकोणीस वर्षं करत बसला होता आणि ते कुणाला सांगण्यासारखं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. मला खरंच हात जोडावेसे वाटले. लाजेनं जोडले नाहीत.

संध्याकाळी मी आराखड्याची माझी प्रत फाडली.

पुढचे तीन आठवडे रोज दुपारी मी त्या टेबलाशी. पहिल्या पानावर कारखान्याचा फोटो घालायचं ठरलं होतं. कृष्णाजीराव म्हणाले, “कारखाना बगून तो काय करंल? यंत्र घातलेलं माणूस दाखवा. पाठमोरं.”

“पाठमोरं कशाला?”

“त्याला स्वतःला मागनं दिसत नाय, अक्का. लोकान्ला कसं दिसतंय ते बगायचं असतं.”

फोन नंबर मोठ्या ठळक अक्षरांत टाकायचा होता. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला आपण फोन करायला सांगतोय हे माझ्या ध्यानात आलं. मी कपाळावर हात मारला. पानावर एकच प्रश्न ठेवायचं ठरलं, ‘कुणासाठी विचारता?’ आणि खाली चार दारं. मी आई-वडील वर ठेवले, कारण त्यांची पत्रं सगळ्यांत जास्त. ‘स्वतःसाठी’ शेवटी.

“ते वर घ्या,” ते म्हणाले. “बाकीचे दुसऱ्यासाठी येतात, ते खालपर्यंत हुडकतील. हा लाजतो. खाली ठेवलं तर वाचत वाचत मध्येच परत जाईल.”

“पण कृष्णाजीराव, यातल्या किती जणांकडे इंटरनेट आहे?”

“माझी अर्धी गिऱ्हाइकं पत्र दुसऱ्याकडनं लिवून घेतात. आता इंटरनेटवाल्याकडनं घेतील. सरी?”

सरी, म्हणजे ठीक, मी म्हटलं. या माणसापुढे दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती.

पण जसजसा आराखडा चांगला होत गेला तसतसं मला त्यांच्यासमोर बसणं जड जाऊ लागलं. तिसऱ्या नंबरचं उद्दिष्ट माझ्याच अक्षरात होतं. मी ज्याच्याकडून शिकत होते त्याचंच टेबल उचलायचं काम करत होते, आणि तो माणूस मला रोज आपल्या डब्यातला बिसीबेळे भात काढून देत होता. एक दिवस मी चमचा खाली ठेवला.

“तुम्हाला एक सांगायचंय,” मी म्हटलं. “ही साइट झाली की मार्चमध्ये…”

“टेबल बंद. ठाव हाय.”

“कुणी सांगितलं?”

“मीटिंगचे कागद सगळ्यान्ला पाठवायला माझ्याकडंच येतात की. तुमचं अक्षर छान हाय.”

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. “मग तुम्ही मला मदत का करताय?”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “पत्र इथं पोचायला सहा दिवस. माझं उत्तर जायला सहा. आई असली तर बारा दिवस पोराच्या तोंडाकडं बगत बसती. एकोणीस वर्षं ते बारा दिवस मला कमी करता आले नायत. रजिस्टर करून बगितलं, रात्री मेलगाडीवर नेऊन टाकून बगितलं. तुमचं ते यंत्र करत असंल तर करू दे. टेबल काय, लाकूडच.”

लाकूड नव्हतं ते. त्यांनाही ठाऊक होतं, कारण ते बोलताना हात टेबलावरून फिरत होता. मी डबा धुवायला उचलून नेला. तिथेच बसले असते तर रडले असते.

साहेबांना दाखवायच्या दिवशी मी दोन्ही बनवून नेलं. आधी त्यांची वीणावाली साइट. ती चालू करायच्या आधी स्पीकरची वायर काढून टाकली. पडद्यावर समई आली. चाळीस सेकंद समई. कसलाही आवाज नाही, अक्षर नाही.

“अडकलं का?” साहेबांनी विचारलं.

“नाही सर. तुमच्या गिऱ्हाइकाला हे असं दिसणार.”

साहेब त्या समईकडे बघत राहिले. एवढा हुशार माणूस, उभी हयात कानात घालवलेली. मग म्हणाले, “काढून टाका.” आणि दुसरी साइट, चार दारांची, त्यांनी पुन्हा पुन्हा उघडून पाहिली. “हे सुचलं कुणाला?” मी नाव सांगितलं. ते हं म्हणाले, आणि मला वाटलं आता टेबल वाचलं. वाचलं नाही. मी धीर करून विषय काढला तेव्हा ते हळुवारपणे म्हणाले, “ईरा, ते पेननं लिहिणारे. आता मला टाइप करणारं माणूस लागेल.” त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून मला वाद घालता आला नाही.

जानेवारीत साइट सुरू झाली. चार दिवस चिटपाखरू फिरकलं नाही. पाचव्या दिवशी प्रेमा रजेवर होती म्हणून तिच्या कॉम्प्युटरपाशी मी बसले होते. सव्वाअकराला एक पत्र आलं. ‘स्वतःसाठी’ या दारातून. मी धावत जाऊन कृष्णाजीरावांना ओढून आणलं.

नाव नव्हतं. पण ई-मेलच्या पत्त्याच्या शेवटी पाठवणाऱ्याच्या ऑफिसचं नाव होतं आणि ते वाचून मी खुर्चीत सरळ झाले. रस्त्याच्या पलीकडची सॉफ्टवेअर कंपनी. नादश्रीच्या फाटकासमोर तिचं फाटक. पत्रात प्रश्न तीन. बॅटरी, घाम, वॉरंटी.

कृष्णाजीरावांनी काचेवर बोट ठेवून ओळ न ओळ वाचली. “लिवा,” ते म्हणाले. “पयलं हे लिवा की केस स्वल्प वाढवले तर मागनं दिसत नाय. बाजूनं दिसतंय, चष्म्याच्या दांडीएवढं. लोक दोन दिवस बगतात, तिसऱ्या दिवशी विसरतात. बॅटरीचं मग.”

ते मराठीत सांगत गेले, मी इंग्रजीत टाइप करत गेले. पत्र पाठवलं. पत्र गेलं म्हणजे त्यांच्या हिशेबी बारा दिवसांची निश्चिंती, म्हणून ते उठून जिन्यापर्यंत पोचले होते. चार मिनिटांत उत्तर आलं आणि मी त्यांना परत बोलावलं.

“त्याचंच?” त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि खुर्ची ओढून बसले.

माणूस भडभडा लिहीत होता. तो मीटिंगमध्ये सगळ्याला मान डोलावतो. लोक त्याला शिष्ट समजतात. बायकोला माहीत आहे, ऑफिसात कुणालाच नाही. इतकी वर्षं कुठे पत्र लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर उत्तराचं पाकीट घरी आलं असतं आणि ते म्हाताऱ्या आईच्या हाती पडलं असतं. चाळीस मिनिटांत सात पत्रं गेली-आली. कृष्णाजीरावांनी खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ ओढली.

“मी लिवायचो अक्का, आन् मग भिंतीकडं बगायचो. आज समोरनं बोलतंय.”

ही इंटरनेट नावाची वस्तू मी विकत फिरत होते, तिच्यावर पुस्तकं वाचत होते, पण ती काय आहे हे मला त्या दिवशी, त्या माणसाच्या शेजारी बसून कळलं.

आठव्या पत्रात एकच ओळ होती. ‘मी कुणाशी बोलतो आहे ते कळेल का?’

मी लगेच कृष्णाजी असं टाइप करायला घेतलं.

“नाय, खोडा ते.”

“अहो, का?”

“मार्चनंतर हितं प्रेमा असंल. तो या नावाला हाक मारील आन् उत्तर दुसरंच कोणी देईल. एवढ्या वर्षांनी तोंड उघडलंय त्यानं, परत गप होईल. कंपनी म्हणून लिवा.”

“मी साहेबांशी पुन्हा बोलते.”

“बोला. पण आदी हे लिवा. तो थांबलाय.”

मी एक एक अक्षर खोडलं. डोळ्यांपुढे पडदा धूसर झाला होता, तरी टाइप केलं, ‘नादश्री. केव्हाही लिहा, आम्ही इथेच आहोत.’ त्यांनी ते वाचून मान हलवली, तेव्हाच मी पाठवलं.

मग ते उठून खिडकीशी गेले. समोरची, त्या माणसाच्या ऑफिसची इमारत तीन मजल्यांची, सगळी निळी काच, बाहेरून आतलं काही दिसत नव्हतं. तिकडून कुणी बघत असावं तसं त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि एकेका मजल्यावरून नजर फिरवत राहिले.

“लई जवळ हाय, नव्हं?” ते म्हणाले.

मी हो म्हटलं. रस्ता ओलांडायला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. जेवणाची सुट्टी झाली, लोक डबे घेऊन खाली गेले, तरी कृष्णाजीराव तिथेच उभे होते.