रामाची बारा पानं

मोरोपंतांचा हिशेब साधा होता. साहेबाकडून येणार दोनशे रुपये, नत्थुजी चिताऱ्याला नव्या संचाचे बारा आणि तो जुना दिसावा म्हणून वर तीन. हाती राहणार एकशे पंच्याऐंशी. आत्याबाईंना कळलं तर काय, हे त्यांनी खर्चात धरलंच नव्हतं.

ते साल अमरावतीत कुणालाही वेड लागावं असंच होतं. अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेच्या गिरण्या कापसाविना उपाशी आणि आपल्या काळ्या जमिनीत जणू चांदी उगवत होती. कुणी गाडीच्या चाकाला चांदीची धाव बसवली म्हणत. मोरोपंत मात्र गोऱ्या साहेबाच्या कापूसवखारीत दुसऱ्यांची वजनं लिहीत बसलेले. आपलाही चार मण कापूस असावा, एवढंच त्यांचं मागणं.

त्या साहेबाला जुन्या वस्तूंचा नाद होता. आणि मोरोपंतांच्या देवघरात गोदाबाईच्या गंजिफा होत्या.

गोदाबाई म्हणजे मोरोपंतांची आत्या; घर तिचंच, पंत तिच्याकडे राहायचे. दृष्टी जाऊन दहा वर्षं झालेली. तिच्या गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे गोल पत्ते, प्रत्येक अवताराचा राजा, प्रधान आणि दहा साधी पानं, अशी एकशेवीस, तळहातात मावतील एवढी. त्यांवर ती शकुन सांगायची. हरवलेला बैल, लांबलेलं लग्न, काय वाटेल ते विचारा. पान उचलून नुसता अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "वराहाचा प्रधान." बघणाऱ्याने बघावं तर वराहाचा प्रधानच! दर्यापूर-अकोटाहून आलेली माणसं शकुन राहू देत, त्या अंगठ्यालाच हात जोडायची.

शकुनाची पानं उंबरठा ओलांडत नाहीत, असा तिचा नेम. म्हणून लेकीच्या बाळंतपणाला अकोल्याला गेली तेव्हा पेटी देवघरातच राहिली.

नत्थुजीने पेटी बघितली आणि कानाला हात लावला. तरी कारागीर कारागीरच. चिंचोक्याच्या खळीत कापडाचे थर चिकटवले, पानं कापली, देव रंगवले, वर लाख चढवली. मग उलटं काम सुरू झालं. पानं उन्हात तापवून ओल्या फडक्यात गुंडाळली, तशी लाखेला बारीक तडे गेले. चुलीवर शिंकाळ्यात टांगून धुरी दिली. ज्वारीच्या पिशवीत घोळून कडा बोथट केल्या. शेवटी सरकीच्या तेलात बोट बुडवून एकेक देव घासत बसला.

"चाळीस वर्षं देवायचे चेहरे काढले," तो बायकोला म्हणाला, "पहिल्यांदाच पुसून राहिलो."

पण साहेब घाई करी. मूळ संच तीनच दिवस नत्थुजीकडे राहिला, मग साहेबाकडे गेला. तेवढ्यात चित्रं उतरली, मोठे टवके टिपून झाले. कुठलं पान किती झिजलंय, ते टिपायचं राहिलं.

"पंत, सगळी पानं सारखीच झिजवू?" नत्थुजीने विचारलं. "खेळनाऱ्याच्या हातात तशी झिजत नसतात."

"सारखीच," मोरोपंत म्हणाले. त्यांनी जन्मात गंजिफा हाती धरल्या नव्हत्या. "आंधळ्या बाईला काय कळतंय!"

माघात गोदाबाई परतली. पेटीत आता नवी पानं होती. तोवर एकशे पंच्याऐंशींचा कापूस होऊन वखारीत पडला होता. ओसरीवर दर्यापूरचे खुशालराव कापूस विकावा का याचा शकुन विचारायला बसलेले, आणि आपले पंधरा रुपये घ्यायला आलेला नत्थुजी.

तिने पेटी मांडीवर घेतली. आधी वास घेतला, धूर, तेल, कापूर. मान हलली. मच्छ, कच्छ, वराह... वराहाच्या प्रधानाचा टवका अंगठ्याने ओळखला, हसली. मोरोपंतांचा जीव भांड्यात पडला. रामाची बारा पानं झाली. कृष्णाची सुरू झाली आणि बाई थांबली. पुन्हा राम. पुन्हा कृष्ण.

"मोऱ्या, कृष्णाले कोनं जागवलं रे?"

"म्हणजे?"

"गंजिफात दिवसा रामाचा मान, रात्री कृष्णाचा. दिवा लागल्यावर मी कधी शकुन पाह्यला नाही. तीस वर्षं दर डावाला रामाचं पान आधी हातात घेतलं, कृष्ण पेटीत झोपून राह्यला. त्याची पानं कोरी पाह्यजेत. ही तर रामाएवढीच झिजली."

नत्थुजी गडबडीने पुढे झाला आणि तिच्या पायाशी वाकला. "माय, देव मी घासले. पन तुमच्या अंगठ्यात कोन बसलं आहे, सांगा!" सगळं कबूल करून तो म्हणाला, की ते तीन रुपये आता नकोत. बारा मात्र मागितले, चित्रं खरी होती म्हणून.

खुशालराव आ वासून बसलेले. "मंग माय, माह्या कापसाचं?"

"या पानायले तुही वळख नाही. मले आहे. झोप लागते का?"

"कायची झोप! महिना झाला, कापसाच्या गंजीपाशीच पडून राहिलो."

"मंग इकून टाक. ज्या मालानं झोप खाल्ली, त्याचा भाव तू आधीच भरला."

खुशालरावांनी विकला. मोरोपंतांनी नाही, पान न उचलता सांगितलेला कसला शकुन, असं त्यांना वाटलं. वैशाखात लढाई संपल्याची बातमी आली, भाव कोसळला आणि त्यांच्या कापसाचे साठ रुपयेही आले नाहीत.

गोदाबाईने त्यांना घराबाहेर काढलं नाही. म्हणाली, "खोटं म्हातारपन पुसता येत नाही. त्याच्यावर खरं चढवावं लागते. रोज दुपारी बस, रामाची बारा पानं हातातून काढ. कृष्णाले हात लावू नको."

पंत बसले. पहिल्या वर्षी लाजेने, मग धाकाने, पुढे का ते त्यांनाच सांगता येईना. अकराव्या वर्षी एका दुपारी गोदाबाईने पेटीतून एक पान त्यांच्या हातावर ठेवलं. "डोळे मीट."

अंगठा फिरला. आधी कडेचा खळगा लागला, मग मधली गुळगुळीत जागा.

"रामाचा राजा," मोरोपंत म्हणाले, आणि आपल्याच अंगठ्याकडे बघत राहिले.

"आता झाल्या जुन्या," म्हातारी म्हणाली.

तर कुणी काय भरलं? साहेबाने दोनशे रुपये. नत्थुजीने तीन. मोरोपंतांनी सव्वाशेच्या वर, आणि अकरा वर्षांच्या दुपारी. रामाच्या राजाला आता नाक नाही, डोळे नाहीत. तेवढं त्याने भरलं.