मुंगीच्या मापाची चड्डी

मुंगी वेळेआधी जन्माला आली, आणि नंतर मात्र वाढायची तिने कसलीच घाई केली नाही. अडीच वर्षांची झाली तेव्हा बोलण्यात ती मोठ्यांना गप्प करायची, पण अंगाने दीड वर्षाच्या बाळाएवढीच होती. मुंगी हे नाव आजोबांनी ठेवलेलं. ते तिच्या वडिलांचे वडील, बस कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आणि दिवसभर घरी असल्यामुळे तिचे हक्काचे सवंगडी.

तिच्या आकाराचं कुणाला काही वाटत नव्हतं, पाळणाघराच्या ताईंनी आईला बाजूला घेईपर्यंत.

"लहान गटात नवी बाळं येतायत, जागाच नाही," ताई म्हणाल्या. "सोमवारपासून हिला मोठ्या गटात घेते. पण तिथे डायपर नाही चालत. मधेअधे ओली झाली तर बदलू, त्याचं काही नाही. पण चड्डीत यायला हवी."

आई इस्पितळात एक्स-रे काढायची. लांबलेली रजा संपवून ती नुकतीच कामावर रुजू झाली होती आणि पुन्हा रजा मागायला तिला तोंड नव्हतं. आजोबांना दुखऱ्या गुडघ्यांनी दिवसभर मुंगीच्या मागे धावणं झेपणारं नव्हतं. त्याच संध्याकाळी ती दुकानात गेली.

"वय?" दुकानातल्या मुलीने विचारलं.

"अडीच. पण अंगाने बारीक आहे."

मुलीने दोन ते तीन वर्षांची ट्रेनिंग पँट काढली. मधे जाड कापड, बाहेरून मऊ, समोर एक हसरं अस्वल. आईने ती तिथेच मुंगीच्या फ्रॉकखाली चढवून बघितली. मुंगी दोन पावलं चालली आणि अस्वल घोट्यापाशी येऊन बसलं.

"याहून लहान?"

"याहून लहान मुलं डायपर घालतात ना. त्यांच्यासाठी अशी पँट कोण काढणार?"

आणखी तीन दुकानांत तेच उत्तर मिळालं. एका ठिकाणी लहान माप निघालं, पण ते इतकं घट्ट की मुंगीला स्वतः खाली ओढता येईना. ओढता येत नाही ती पँट काय कामाची? तो डायपरच झाला.

घरी आल्यावर बाबा म्हणाला, "मी शिवतो. त्यात काय एवढं?"

बाबा गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचा. आख्खी बस नव्याने मढवून देणारा माणूस, त्याला वीतभर चड्डीची काय मातब्बरी? त्याने दुकानातल्या पँटची कंबर उसवली, इलॅस्टिक आखूड केलं आणि पुन्हा शिवली. आईने बोट घालून बघितलं.

"सैल वाटतंय."

"आवळलं तर वळ उठतील. असू दे एवढं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मुंगीला घेऊन जिना उतरत होता. एका हातात तिचा हात, दुसऱ्या हातात पिशवी. पँट आधी कमरेवरून घसरली, मग मांडीवरून, आणि गुडघ्यात अडकली. मुंगीने पुढचं पाऊल टाकलं ते पडलंच नाही. तिचा हात बाबाच्या हातातून निसटला आणि ती हनुवटीवर आपटली. तीन टाके पडले.

टाके घालताना आईने तिचं डोकं धरून ठेवलं होतं. बाबा दाराशी उभा होता. घरी येईपर्यंत आई त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही, आणि घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "सैल आहे म्हणून सांगितलं होतं मी."



त्या दिवसापासून मुंगीने ती पँट पायात घालू दिली नाही. दुसरी कुठलीही घालू दिली नाही. डायपर दाखवला तर ती पाय ताठ करायची, पॉटीवर बसवलं तर उठून पळायची. आणि रविवारी सकाळी आईच्या लक्षात आलं, की रात्री ती झोपल्यावर चढवलेला डायपर कोरडा आहे.

"रात्री पाणी कमी प्यायली असेल," आजोबा म्हणाले.

"दूध प्यायली होती. कपभर."

पॉटी न्हाणीघरात नेली. मुंगीला बसवलं. आई समोर, बाबा दारात, आजोबा त्याच्या खांद्यावरून डोकावणारे. आईने बादलीवरचा नळ बारीक सोडला, पाण्याचा आवाज ऐकून होते म्हणून. आजोबांनी शीळ घातली. बाबाने बिस्किट दाखवलं. मुंगी ओठ घट्ट मिटून एकेकाकडे बघत राहिली, आणि हनुवटीवरच्या पट्टीमुळे ती एखाद्या रागावलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसत होती. एरवी हसू आलं असतं.

"कर ना गं राणी," आई म्हणाली. "थोडीशीच."

"नाही."

"दुखतंय का?"

"नाही."

दुपारपर्यंत हेच चाललं. मधेच मुंगी पाय जुळवून उभी राहायची, चेहरा लाल व्हायचा, आणि आई धावत पॉटी घेऊन गेली की ती आणखी घट्ट व्हायची. शेवटी आईने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी पोट हलकेच दाबून बघायला सांगितलं. बेंबीखाली फुगवटा लागत होता.

"घाबरू नका, पण थांबूही नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोमट पाण्यात बसवून बघा. तासाभरात झाली नाही तर घेऊन या. मग नळी घालून काढावी लागेल."

नळी घालताना मुलांना कसं धरतात ते आईने इस्पितळात पाहिलं होतं. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"काय म्हणाल्या?" बाबाने विचारलं.

"नळी."

"मग निघूया का आत्ताच?"

"परत धरायचं तिला? परवा टाके, आज हे? कशामुळे चाललंय हे सगळं?"

"माझ्यामुळे. म्हण ना. परवापासून पोटात ठेवलंयस, एकदा म्हणून टाक."

"म्हणून काय होणार आहे?"

"निदान तू माझ्याशी बोलशील."

आजोबा मधे पडायला म्हणून उठले, पण कुणाची बाजू घ्यावी हे न कळून दारातच घुटमळले. आईने डोळे पुसले, कोमट पाण्यासाठी भांडं गॅसवर ठेवलं, आणि मग तिला जाणवलं की घर फार शांत आहे.

"मुंगी कुठाय?"

"आत्ता इथेच होती," आजोबा म्हणाले.

ती खोलीत नव्हती. पलंगाखाली नव्हती. न्हाणीघराचं दार बंद होतं. आईने ढकललं, ते हललं नाही. आतून कडी होती. मोठ्यांच्या कमरेइतक्या उंचीवर एक सरकती कडी, टाचा उंचावल्या तर मुंगीच्या हाताला लागेल अशी. ती आजवर कधी तिने लावली नव्हती.

आतून पाण्याचा आवाज येत होता.

"नळ," आई म्हणाली. "नळ चालूच राहिलाय. बादली भरली असेल."

बादली मुंगीच्या छातीइतकी उंच होती. तिघांच्याही मनात एकच चित्र आलं.

"मुंगी, कडी काढ बाळा," बाबा म्हणाला. "उलटी सरकव."

"नाही."

आवाज जवळून आला. बाबाने खांदा लावला, आणि तसाच थांबला. दार आत उघडणारं होतं. ती दारामागे असेल तर दार तिच्याच अंगावर जाणार.

"अप्पा, गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करा. आणि येताना माझी हत्यारांची पिशवी आणा, चपलांच्या फळीवर आहे."

आजोबा दुखरे गुडघे विसरून निघाले. आई जमिनीवर पालथी झाली. दाराखाली दोन बोटांची फट होती. तिने गाल फरशीला टेकला. फटीतून पाणी बाहेर यायला लागलं होतं, ते तिच्या गालाला लागलं. आधी तिला पॉटीचा निळा तळ दिसला. मग बादलीची कड. मग मुंगीची पावलं.

पावलं बादलीकडे तोंड करून होती. टाचा उचललेल्या होत्या.

"काय दिसतंय?" बाबाने विचारलं.

टाचा आणखी उचलल्या गेल्या. आता नुसते अंगठे टेकले होते, ओल्या फरशीवर.

"वाकलीये," ती कशीबशी म्हणाली. "बादलीत वाकलीये."

"दारापासून लांब आहे का? तोडू?"

"मुंगी," आईने फटीतून हाक मारली. ओरडली तर ती दचकेल, दचकली तर तोल जाईल, हे तिला कळत होतं, म्हणून रोज झोपवताना मारायची तशीच हाक मारायचा ती प्रयत्न करत होती, आणि आवाज तिचा नसल्यासारखा फाटका निघत होता. "मुंगी, माझा हात बघ. इकडे खाली बघ, काय आहे."

तिने फटीतून बोटं आत सरकवली आणि हलवली. एक पाऊल फरशीवरून उचललं गेलं. बाबा मागे सरकून उडी घेण्याच्या बेतात होता.

पाऊल खाली आलं. मग दुसरी टाच टेकली. पावलं वळली आणि बोटांजवळ आली.

"आईची बोटं," आतून आवाज आला.

"हो. माझीच. तिथेच थांब."

त्याच वेळी वर आजोबांनी कॉक फिरवला असावा. पाण्याची धार बारीक झाली, ठिबकली, थांबली. एकदम सगळं शांत. पावलं पुन्हा मागे गेली, पॉटीपाशी थांबली, आणि टाचा दाराकडे झाल्या. पॉटी फरशीवर जराशी घासली गेली.

आईने हात वर करून बाबाला थांबवलं. "बसली," ती ओठांनीच म्हणाली.

"आई," आतून मुंगी म्हणाली, "बघू नको."

आईने फटीवरून डोळा काढला आणि ओल्या फरशीवर तशीच पडून राहिली, तोंड भिंतीकडे करून. बाबा दाराला पाठ लावून हळूच खाली बसला. मग आतून आवाज आला, आधी चार थेंबांचा आणि मग भरपूर, न संपणारा. आईने बाबाचं मनगट पकडलं. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. त्याचा चेहरा त्याने दुसऱ्या हाताने झाकला होता.

"झाली," मुंगीने कळवलं.

आजोबा धापा टाकत पिशवी घेऊन आले तेव्हा हे दोघं पाण्यात बसलेले. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "बोला की कुणीतरी."

"शू झाली," बाबा म्हणाला. आजोबांनी जागच्या जागी भिंतीला हात टेकला.

कडी मुंगीला उलटी सरकवता आली नाही, ती अडकली होती. बाबाने सीट शिवायची लांब सुई दार आणि चौकटीमधल्या फटीतून घातली आणि कडी आतून तसूतसूने ढकलली. दोनदा सुई निसटली. तिसऱ्यांदा दार उघडलं.

मुंगी पॉटीजवळ उभी होती, कमरेखाली उघडी, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. बादलीच्या तळाशी ती अस्वलाची पँट पडली होती. ती बुडवायलाच तिने टाचा उचलल्या होत्या.

"ती पाडते," तिने सांगितलं.

आईने तिला उचललं. रागवायचं होतं, पण ते तिला जमलं नाही. डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "छान. आता तिच्याभोवती गर्दी करू नका. तुमच्यासमोर चौघं जण उभे राहिले तर तुम्हाला होईल का?"

बाबाने लगेच कडी काढून टाकली. आजोबांनी तक्रार केली की मग आपण आत असताना काय करायचं. "खोका," बाबा म्हणाला. तेव्हापासून आजोबा आत गेले की घरभर खोकला ऐकू येतो.

मग बाबा आपले जुने टीशर्ट घेऊन मुंगीसमोर बसला. गळ्याची विणलेली पट्टी कापली. ती ताणली की वाढत होती आणि सोडली की आपल्या जागी येत होती, पण वळ उठवत नव्हती. या खेपेला त्याने मनाने माप घेतलं नाही. मुंगीच्या कमरेला पट्टी लावायची, टाचणी टोचू नये म्हणून धाग्याने धरायची, आणि तिला म्हणायचं, "ओढ खाली. आता वर. पळ. उडी मार." पट्टी सरकली की ती सांगायची, "पडते." तो पुन्हा उसवायचा. आई शेजारी बसून धागा ओवून देत होती. मशीनवर त्याने जाड दोरा लावला होता, तो तिने बदलायला लावला.

"सीट नाही ती," ती म्हणाली.

"माहितीये."

"परवा मी फार बोलले."

"बोललीस कुठे? तेच तर." त्याने दात लावून धागा तोडला. "बोलली असतीस तर बरं झालं असतं."

चार पँट झाल्या. दिसायला एकही धड नव्हती. एकीवर टीशर्टवरची अर्धी अक्षरं आली होती. मुंगीला तीच हवी होती.

सोमवारी आईने ताईंना सगळं सांगितलं. पॉटीवर बसली की दार लोटून घ्या, समोर उभं राहू नका, टाळ्या तर अजिबात नकोत. ताईंनी पँटची कंबर ताणून बघितली आणि मान डोलावली.

दिवसभर आईचं लक्ष कामात नव्हतं. एकाच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढायचा तर तिने उजवा ठेवायला सांगितला. दुपारी पाळणाघरातून फोन आला तेव्हा ती बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन बोलली.

"दोनदा ओली झाली," ताई म्हणाल्या. "तिसऱ्यांदा स्वतःहून उठली, गेली, आणि दार माझ्या तोंडावर लोटून घेतलं."

"आणि पँट?"

"जागच्या जागी होती. आता जेवून झोपलीये."

आईने बरं म्हटलं, फोन खिशात टाकला, आणि आत येऊन पुढच्या पेशंटला हाक मारली.