कढईसमोरची पाठ

शिगेनोने डुकराच्या मांसाचा तिसरा जाड तुकडा ब्रेडच्या चुऱ्यात घोळवला, हात झटकले आणि मुलाकडे वळली.

"तीन कटलेटं. एक जरी आतून कच्चं निघालं किंवा वरून करपलं, तर दुकानाला कुलूप घालून तुझ्याबरोबर नागोयाला राहायला येते. तिन्ही नीट निघाली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"कबूल. पण आई, हा हट्ट..."

तोवर ती कढईकडे वळलीसुद्धा होती.

सोमवार, दुकानाची सुट्टी. कढईपर्यंत गेलेल्या एकाच कट्ट्याला लागून आठ खुर्च्या असलेल्या त्या दुकानात तिचा मुलगा ताकुरो, त्याची बायको मिहोको आणि लेक कोझुए एवढेच बसले होते. कढई भिंतीकडे, त्यामुळे तळणाऱ्याची नेहमी गिऱ्हाइकांकडे पाठ. ताकुरोचे वडील गिन्झो तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून तळण शिगेनोकडे होतं. गेल्या महिन्यात चार दिवस तिने फोन उचलला नाही. ताकुरो जीव मुठीत धरून धावत आला, तर बाई मजेत कोबी चिरत होत्या आणि फोन डोक्याशी खणखणत होता. समोरून बोललं की ओठ बघून तिला सगळं कळायचं. मागून ढोल बडवा, काही पत्ता नाही.

"आणि तळण हे कानाचं काम," ताकुरो मिहोकोला म्हणाला. "मांस शिजलं की तेलाचा आवाज बारीक होतो. बाबा मान झुकवून ऐकत असायचे."

"अहो, हळू बोला."

"हळू कशाला? तिला ऐकू येतंय कुठे! आई! ए आई!"

पाठ हलली नाही. कटलेटच्या सॉससाठी तीळ कुटणारी कोझुए थांबली. "बाबा, कशाला ओरडता? आजी काम करतेय ना!"

 ताकुरोला आईची पाठ बघवेना. याच कट्ट्याशी, खांद्यावर बॅग घेऊन, अठराव्या वर्षी तो वडिलांच्या पाठीशी बोलला होता. बाबा, मी निघतो, पुन्हा येईन की नाही माहीत नाही. ते वळले नाहीत. तो गाडीच्या वेळेपर्यंत उभा राहिला आणि निघून गेला. तो राग त्याने सव्वीस वर्षं सांभाळला होता. वडिलांच्या अंत्यविधीलाही त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

शिगेनोने कटलेटं काढून जाळीवर उभी केली. तेल निथळू दिलं, मग सुरी चालवली. कोबी घालून तिन्ही ताटं आली. कोझुएने मधला तुकडा उचलून बघितला. आत नीट शिजलेला, किंचित गुलाबी, रसाळ. मिहोकोचा तसाच. ताकुरोने आपल्या ताटातला एकेक तुकडा उलटून पाहिला आणि खोट काढायला जागा सापडेना.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" शिगेनो म्हणाली.

"घड्याळ बघून तळलंस ना?"

"घड्याळाला काय कळतंय! कुठला तुकडा जाड, कुठला ओलसर. इकडे ये."

तिने स्वतःसाठी ठेवलेलं चौथं कटलेट तेलात सोडलं आणि तळणाच्या लांब काड्या त्याच्या हातात दिल्या. "टोकं कटलेटला नुसती टेकव. दाबू नकोस."

काड्या त्याच्या बोटांत जोरजोरात थरथरत होत्या. तो काही बोलणार, तर तिने मान हलवून गप्प केलं. हळूहळू ती थरथर बारीक होत गेली, अगदी मांजराने झोपेत घुरघुरावं इतकी.

"बारीक झाली," तो म्हणाला.

"मग काढ की, मुहूर्त बघतोस?"

त्याने कटलेट जाळीवर ठेवलं. "हे कुणी शिकवलं तुला?"

"कोण शिकवणार? तुझ्या बाबांनी. तू नववीत होतास तेव्हा त्यांचा डावा कान गेला, वर्षभरात उजवा. मान झुकवून ऐकतात, असं सगळ्यांना वाटायचं! समोर असले की ओठ वाचायचे, तळताना लक्ष सगळं हातात असायचं. डावा हात कट्ट्यावर टेकलेला, मी बोटाने टकटक करून ऑर्डर सांगायची. बहिरा माणूस तळतोय कळलं तर कोण येईल खायला? कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घेतली होती माझ्याकडून."

"मला तरी सांगायचं!"

"तुला तर मुळीच नाही. पोराच्या नजरेतून उतरेन म्हणायचे. वेडा माणूस! आणि तू असा, की बापाला एका शब्दाने न सांगता निघून गेलास. मरेपर्यंत विचारत होते, न सांगता कसा गेला गं पोरगा?"

ताकुरो खाली बघून काहीतरी पुटपुटला.

"वर बघून बोल. मला दिसत नाही."

त्याने चेहरा वर केला. "सांगितलं होतं, आई. कट्ट्यापलीकडे उभा राहून. त्यांच्या मागून."

शिगेनोने ते त्याच्या ओठांवर वाचलं.  मग डोळे पुसून म्हणाली, "जा, बस. गार होतंय."

तो जागेवर जाऊन जेवू लागला. रडत होता आणि जेवत होता. कोझुएने आपले कुटलेले तीळ त्याच्या वाटीत ओतले. शिगेनो डावा हात कट्ट्यावर टेकून, पाठमोरी, कढई आवरत होती.

ताकुरोच्या ताटातला कोबी संपला. आणखी मागायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. उठून कट्ट्याशी गेला आणि त्यावर बोटाने दोनदा टकटक केली.

शिगेनो वळली.